काचबिंदू लेसर उपचार

काचबिंदू लेसर उपचार : काचबिंदूत वाढलेला डोळ्यातील दाब लेसर किरणांनी कमी करण्याची, छेद न घेता होणारी पद्धत (→ काचबिंदू, लेसर).

जे. बी. वाईज व एस. एल. विटर यांनी १९७९ मध्ये आर्गॉन लेसरची पद्धत मांडली. मार्क लॅटिना यांनी १९९० च्या दशकात ऊतींना कमी इजा करणारी निवडक लेसर पद्धत विकसित केली.

डोळ्यातील दाब सामान्यतः १० ते २१ मिमी. पारा असतो. खुल्या कोनाच्या काचबिंदूत निवडक पद्धतीने द्रव झिरपणाऱ्या जाळीवर ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिलघू स्पंद सोडतात, त्याने निचरा सुधारतो. बंद कोनाच्या प्रकारात परितारिकेला सूक्ष्म छिद्र पाडतात (→ परितारिका). बधिर करणारे थेंब घातल्यावर रुग्ण यंत्राच्या आधारावर हनुवटी टेकवून बसतो, डॉक्टर डोळ्यावर विशेष भिंग धरतात. काही मिनिटांत काम आटोपते. नंतर थोडी जळजळ वा तात्पुरती दाबवाढ संभवते. परिणाम काही वर्षांत ओसरू शकतो. निवडक पद्धत पुन्हा करता येते.

ब्रिटनमधील २०१९ च्या चाचणीत उपचाराची सुरुवात निवडक लेसरने केलेल्या सुमारे ७४ टक्के रुग्णांना ३ वर्षे दाब कमी करणाऱ्या थेंबांविना दाब राखता आला. मुलचेरा (गडचिरोली जिल्हा) यांसारख्या वनव्याप्त तालुक्यांत, जेथे थेंबांसाठी वारंवार दूर जाणे कठीण, तेथे हा उपचार महत्त्वाचा ठरतो. मात्र नियमित तपासणी टळत नाही. दृष्टितंत्रिकेची झालेली हानी लेसरने भरून येत नाही (→ अंधत्व).