साष्टीचा वाघ आणि पिंजरा

विलेपार्ले म्हटले की आपल्यापुढे आगगाडी, विमाने आणि माणसांची गर्दी उभी राहते. पण पार्ले हे साष्टी बेटावरचे एक गाव. शेते, वाड्या आणि पूर्वेला डोंगर, अशी त्याची जुनी ठेवण. त्या डोंगरांत 1860 साली विहारचा आणि 1879 साली तुळशीचा तलाव मुंबईकरांच्या पिण्यासाठी बांधला गेला. पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतालचे रान राखले. ते कोणी वाघासाठी राखले नव्हते, पण वाघ त्यात राहिला.

वाघ म्हणजे येथे बिबट्या. आपल्याकडे दोघांनाही वाघच म्हणतात. पट्टेरी वाघ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच या बेटावरून नाहीसा झाला. बिबट्याचे तसे झाले नाही. त्याला कुत्रे चालते, डुक्कर चालते, कोंबडी चालते, आणि लपायला हातभर झुडूप पुरते. आज ज्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात, ते रान सुमारे 103 चौरस किलोमीटरांचे. तेथे व आसपास 2015 साली कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा 35 बिबटे निरनिराळे ओळखता आले. आरे आणि डोंगराकडेच्या पाड्यांवरील वारली मंडळींना यात नवल वाटले नसेल. त्यांच्याकडे वाघोबाचे ठाणे असते आणि दिवाळीच्या तोंडाला वाघबारस होते.

मग 2002 ते 2004 या काळात इतकी माणसे का मेली? 2004 चा जून तर फारच वाईट गेला. लोकांनी म्हटले, बिबटे वाढले, पकडा आणि लांब सोडा. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, आत बकरी बांधायची, आणि सापडला की दूर रानात नेऊन सोडायचा, ही रीत तेव्हा चालूच होती.

हीच रीत जुन्नरला पार पडली, आणि तिचा हिशेब तेथे नीट मांडला गेला. कालव्यांच्या पाण्यावर ऊस आला, उसात बिबट्याची पिले वाढू लागली. 1993 ते 2001 या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. पकडून दूर सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर ते 17 वर गेले! विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. आपण म्हणाल, हे कसे? पिंजऱ्यात दात-नखे मोडलेले, बिथरलेले जनावर अनोळखी मुलुखात सोडले, तर ते तेथे राहत नाही. घराकडे निघते, किंवा दुसऱ्याच्या हद्दीत भटकते. आणि इकडे रिकाम्या जागी दुसरा बिबट्या येऊन बसतो.

एकाची हकीकत ऐका. 2009 साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा घालून, माळशेज घाटात सोडले. नाव पडले आजोबा. हा आजोबा कसारा स्टेशनावरून, हमरस्ता ओलांडून, वसईची खाडी पोहून मुंबईच्या रानाशी आला. सुमारे सव्वाशे किलोमीटर चालला आणि वाटेत एकाही माणसाला त्याने दुखवले नाही. 2011 अखेर मोटारीखाली सापडून तो मेला.

त्याच 2011 साली मुंबईत वनखाते, शास्त्रज्ञ आणि नागरिक यांनी दुसरी वाट धरली. ऊठसूट पिंजरा लावणे कमी झाले, वस्तीवस्तीतून बैठका झाल्या. कचरा साचला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, ही साखळी समजावली गेली. 2019 च्या एप्रिलात पार्ल्याच्या शेजारी मरोळमध्ये एक बिबट्या इमारतींत शिरला, तो सुखरूप पकडला गेला. अशा वेळी खरी पंचाईत गर्दीची असते, बिबट्याची नव्हे.

म्हणून भीती खोटी आहे असे मात्र कोणी समजू नये. 2025 साली शिरूर तालुक्यात बिबट्याने माणसे मारली. त्यांत लहान मुले होती. ज्या आईचे मूल गेले तिच्यापुढे वरचे आकडे मांडता येत नाहीत, आणि माणसांवर चटावलेला बिबट्या पकडावाच लागतो. पण उसाच्या तोडणीत डोळे न उघडलेली पिले सापडली, तर ती गावात मिरवू नयेत, वनखात्याला कळवावे. ती जागच्या जागी ठेवली की रात्री आई येऊन उचलून नेते. शिक्षकांनी पोरांना सांगावे : दिवस मावळल्यावर एकट्याने उसाकडे जाऊ नये, अंधारात उघड्यावर बसू नये. खाली वाकलेले माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही.