दारावरचा डहाळा

आमच्या शहापुरात घरात गोवर-कांजिण्या निघाल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे. फोडणी बंद, पाहुणा ओसरीवरूनच परत. भाचा अस्थिमज्जा प्रत्यारोपण करून घरी आला, तेव्हा आईला संसर्ग टाळायचं पथ्य समजावावं लागलं नाही.

भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी केलं.

प्रत्यारोपणात लहानपणीच्या लसींचं बळही ओसरतं. बहुतेक लसी काही महिन्यांनी पुन्हा टोचतात. गोवराची मात्र जिवंत, म्हणून निदान दोन वर्षं थांबायचं. तोवर भोवतालच्यांनी लस घेऊन भाच्याला जपायचं. आई त्याला तणसाच्या ढिगाजवळ फिरकू देत नाही. ओलसर तणसातली बुरशी थेट फुप्फुसात शिरते.