वलंदेज आणि डिंगमार : ध्वजाची भाषा आणि लोकांची भाषा

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची जी नामावळी येते तीत वलंदेज व डिंगमार ही दोन नावे आहेत. डच आणि डेन या लोकांना जुनी मराठी याच नावांनी ओळखत असे. ही नावे डचांकडून वा डेनांकडून आलेली नाहीत. ‘ओलांदेस’ व ‘दिनामार्का’ या पोर्तुगीज शब्दांची ती मराठी रूपे होत. ज्या राष्ट्राची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यासारख्या कोकणच्या बंदरात उभी होती, त्या राष्ट्राचे नावही मराठीत तिसऱ्याच्या मुखाने यावे, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नव्हे.

आशियाच्या किनाऱ्यावर सतराव्या-अठराव्या शतकांत व्यापाराची बोली पोर्तुगीज हीच राहिली, आणि पोर्तुगिजांचे शत्रूही तीच वापरीत. डचांनी १६१९ मध्ये वसविलेल्या बटाव्हियात कितीतरी कुटुंबांची घरची बोली मिश्र पोर्तुगीज किंवा मलय होती. श्रीलंकेतील डचवंशीय ‘बर्गर’ लोकांतही मिश्र पोर्तुगीजच रूढ झाली. डेनांनी १६२० मध्ये तरंगंबाडी येथे ठाणे दिले, पुढे तंजावरच्या मराठी राज्याच्या शेजारात ते नांदले आणि १८४५ मध्ये ते इंग्रज कंपनीला विकले. सव्वादोनशे वर्षांच्या या काळात तेथे डेनिश रुजली नाही. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेला मिशनरी त्सिगेनबाल्ग १७०६ मध्ये उतरला. तो स्वतः जर्मन होता, आणि त्याला शिकाव्या लागल्या त्या तमिळ व पोर्तुगीज. तरंगंबाडीच्या छापखान्याची कीर्ती आहे ती तमिळ ग्रंथांसाठी.

पश्चिमेकडील उदाहरणे याहून विलक्षण आहेत. कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर डेनांनी १६७२ मध्ये वसाहत केली, १७१८ मध्ये सेंट जॉन घेतले आणि १७३३ मध्ये सेंट क्रॉय फ्रेंचांकडून विकत घेतले. ध्वज डेनिश, राज्यकारभार डेनिश. परंतु सेंट थॉमसच्या आरंभीच्या मळेवाल्यांत डचांचा भरणा मोठा होता. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा संबंध कोपनहेगनच्या राजाशी नव्हता, तो मुकादमाशी आणि मालकाच्या स्वयंपाकघराशी होता. म्हणून त्यांच्यात जी नवी भाषा जन्माला आली तिची शब्दसंपत्ती डच होती. नेगरहोलांड्स या नावाने ती अभ्यासकांना परिचित आहे. १७३२ नंतर आलेल्या मोरेव्हियन मिशनऱ्यांनी धर्मोपदेशासाठी तीच स्वीकारली. योखुम मेल्खियोर मागेन्स याने तिचे व्याकरण १७७० मध्ये कोपनहेगनला छापले. क्रिओल भाषेचे हे पहिले मुद्रित व्याकरण समजले जाते. डेनिश राजधानीत, डेनिश प्रजेसाठी, डचजन्य भाषेचे व्याकरण निघाले! ही बेटे १९१७ मध्ये अमेरिकेला विकली गेली, आणि या भाषेची शेवटची भाषक स्त्री १९८७ मध्ये निवर्तली. डेनिशला मरण्याइतकेही जीवन तेथे लाभले नव्हते.

सुरिनाममध्ये हाच प्रकार वेगळ्या जोडीत घडला. ही वसाहत मूळची इंग्रजांची. १६६७ च्या ब्रेडाच्या तहाने ती डचांकडे आली. तोपर्यंत मळ्यांवर इंग्रजी शब्दांची एक मिश्रभाषा आकार घेऊ लागली होती, आणि तीच पुढे स्रानान म्हणून तीन शतके डच अमलाखाली वाढली. सारांश, डेनिश बेटावर डचजन्य आणि डच वसाहतीत इंग्रजीजन्य भाषा नांदत होती. नकाशावरील रंग पाहून भाषा ठरविणाऱ्याने ही दोन उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

तथापि सुरिनाममध्ये डच टिकली, नव्हे वाढली. १८७६ मध्ये तेथे शिक्षण सक्तीचे झाले आणि शाळेची भाषा डच ठरली. १८७३ ते १९१६ या काळात सुमारे ३४,००० हिंदी मजूर करारावर तेथे गेले. त्यांच्या भोजपुरी-अवधी बोलींतून सरनामी घडली. त्यांच्यापाठोपाठ जावाचे मजूर आले. इतक्या भाषांच्या समाजात कोणाचीच नसलेली भाषा सर्वांना सोयीची झाली. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला तरी डच राजभाषा राहिली आणि आज बहुसंख्य घरांत ती बोलली जाते.

इंडोनेशियात याच राज्यकर्त्यांनी उलट धोरण ठेवले. एतद्देशीयांना डच शिकविण्यात हात आखडता घेतला आणि कारभार मलयमधून चालविला. डच शिकलेला वर्ग फारच लहान राहिला. १९२८ च्या युवक-प्रतिज्ञेत राष्ट्रभाषा म्हणून मलयच इंडोनेशियन हे नाव घेऊन पुढे आली. डचचे जे उरले ते ‘कांतोर’ (कचेरी), ‘हांदुक’ (अंगपुसणे) अशा शब्दांत आणि जुन्या कायद्यांच्या संहितांत.

डेनिशचे खरे विश्व उत्तरेत आहे. आइसलंड १९४४ मध्ये प्रजासत्ताक झाले, पण तेथील शाळांत डेनिश अजून शिकवितात. फेरो बेटांत १९४८ च्या कायद्याने फेरोई ही मुख्य भाषा ठरली, तरी डेनिश नीट शिकविण्याचे बंधन त्याच कायद्यात घातले गेले. ग्रीनलंडमध्ये मात्र २००९ पासून ग्रीनलंडी हीच राजभाषा आहे. डेनिशचा सर्वांत मोठा वारसा यांपैकी कोठेच नाही. तो नॉर्वेत आहे. १८१४ पर्यंत डेन्मार्कशी जोडलेल्या त्या देशात लेखनाची भाषा डेनिश होती, आणि आजची बोकमॉल तिच्यातूनच निघाली. नाव बदलले म्हणून भाषक मोजणाऱ्यांच्या कोष्टकात ती येत नाही.

आफ्रिकान्सची स्थिती अशीच आहे. केपच्या डचमधून, गुलाम, खोईखोई व मलय लोकांच्या मुखात घडत ती तयार झाली. तिचा एक आरंभीचा ग्रंथ, अबू बकर एफेंदी यांचा, अरबी लिपीत लिहिलेला असून १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. राजभाषा म्हणून तिला मान्यता देताना १९२५ च्या कायद्याने एवढेच सांगितले की ‘डच’ या शब्दात आफ्रिकान्सचा समावेश होतो. १९६१ च्या संविधानाने हे उलटे केले. आफ्रिकान्स या शब्दात डचचा समावेश होतो, असे त्यात लिहिले गेले. १९८३ च्या संविधानात डचचा उल्लेखच उरला नाही.