फॉर्मात नसलेला खेळ

30 ऑक्टोबर 2022 रोजी आम्ही तिघं, म्हणजे मी, माझी मोठी बहीण आणि तिची नात, कसारा घाट उतरून नेरूळला गेलो होतो. डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, स्पेन विरुद्ध कोलंबिया. कविता करणाऱ्या माणसानं फुटबॉल पाहायला नाशिकहून एवढ्या लांब जावं, याचं मित्रांना हसू आलं. पण तिकिटं आपानं काढायला लावली होती. आपापुढं आमच्या घरात कुणाचं चालत नाही.

गोल एकच झाला, तोही कोलंबियाच्याच एका खेळाडूकडून आपल्या जाळ्यात. स्पेन जिंकलं. पुढच्याच वर्षी, 20 ऑगस्ट 2023 रोजी, स्पेनच्या मोठ्या बायकांनी सिडनीत इंग्लंडला हरवून विश्वचषक घेतला. आपल्याला वाटतं, असे देश जन्मतःच फुटबॉल खेळत असतील. मलाही तसंच वाटायचं. वाचत गेलो तेव्हा कळलं, प्रकरण निराळं आहे.

फ्रँकोच्या हुकूमशाहीत बाईनं घर सांभाळावं, अशीच रीत होती. 1970च्या डिसेंबरात माद्रिदच्या व्हिल्लाव्हेर्दे भागात मुलींचा एक सामना झाला. तेरा वर्षांच्या कोंची सांचेझचा खेळ पाहून लोक तिला रिआल माद्रिदच्या अमान्सिओचं नाव देऊन बसले. त्याच महिन्यात, नाताळच्या दिवशी, बार्सिलोनाच्या काम्प नोऊवर मुली उतरल्या. फेब्रुवारी 1971मध्ये मुर्सियात स्पेननं पोर्तुगालशी सामना खेळला, 3-3 असा बरोबरीत सुटला. पण त्या मुलींना छातीवर देशाचं चिन्ह लावायची परवानगी नव्हती, आणि पंचालाही पंचाचा पोशाख घालू दिला नव्हता. तो बिचारा ट्रॅकसूट घालून शिट्टी वाजवत होता! फुटबॉल महासंघानं बायकांचा खेळ मान्य केला तो 1980 साली.

मला सगळ्यात आवडली ती बार्सिलोनाची गोष्ट. आज जगभर नावाजलेला हा महिला संघ 2007 साली चक्क खालच्या श्रेणीत घसरला होता. गावोगावच्या लहान क्लबांशी वर्षभर खेळून 2008मध्ये वर आला आणि 2021 साली युरोपचा विजेता झाला. स्पेनमध्ये वरच्या व्यावसायिक लीगखाली आणखी तीन राष्ट्रीय श्रेण्या आहेत, त्यांच्याखाली प्रांतोप्रांतीच्या. पडलेल्याला तिथं पडायला जागा आहे, म्हणून उठायलाही आहे. तिथल्या बहुतेक मुली नोकरी-शिक्षण सांभाळून संध्याकाळी सराव करतात. त्यांची नावं आपल्यापर्यंत कधी येत नाहीत.

आता आपलं पाहा. आपण काही मागून निघालो नव्हतो. भारतात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना 1975 साली निघाली, त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 1980च्या जानेवारीत कालिकतला आशियाई स्पर्धा भरली आणि आपल्या मुली अंतिम फेरीत पोचल्या. तैवानकडून 2-0 अशा हरल्या. म्हणजे स्पेनच्या महासंघानं आपल्या मुलींना मान्यता दिली, त्या वर्षी आपल्या मुली आशियात दुसऱ्या होत्या. शांती मल्लिकला 1983 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतर महिला फुटबॉलपटूला हा पुरस्कार मिळाला तो थेट 2017 साली, मणिपूरच्या बेंबेम देवीला. मधली चौतीस वर्षं कोरी.

त्या चौतीस वर्षांत आमची आपा आहे.

1980 साली ती सातवीत होती. जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत पोरांबरोबर प्लास्टिकचा बॉल लाथाडायची आणि माझ्याहून कितीतरी बरं खेळायची. मी गोलकीपर, कारण मला पळता येत नसे. आठवीत गेल्यावर तिनं शाळेच्या खेळांच्या फॉर्मात फुटबॉल शोधला. मुलींच्या बाजूला लंगडी होती, खो-खो होता, फुटबॉल नव्हता. तिनं स्वतः पेनानं लिहिला. बाईंनी खोडला. लोक समजतात, आमच्याकडं अब्बा-अम्मींनी रोखलं असेल. अब्बांनी तर गोल्फ क्लब मैदानावर तिला स्वतः नेलं होतं. पण तिथं तिला ज्यांच्याशी खेळायचं, त्या मुलीच नव्हत्या. संघच नाही, तर कशात घेणार?

महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड म्हणाल तर कोल्हापूरचं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तालमींची नावं, आणि सामन्याला सगळी पेठ मैदानावर. पण तालीम हा शब्दच पुरुषी. मुलींना तिथं दार उशिरा उघडलं. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हा 2017 साली दिल्लीतल्या सहा संघांत पुण्याचा एफसी पुणे सिटी होता. तो क्लबच 2019मध्ये बंद पडला. 2020 साली बंगळूरला कोल्हापूर सिटीच्या मुली खेळल्या. आणि दुसरी श्रेणी, जी स्पेनमध्ये बार्सिलोनालाही सांभाळून घेते, ती आपल्याकडं राष्ट्रीय पातळीवर आली 2023-24मध्ये. इमारत आपण वरच्या मजल्यापासून बांधायला घेतली, असं माझं मत आहे. चुकीचं असेल तर जाणकारांनी माफ करावं.

नेरूळला स्पेनच्या मुली चषक उंचावत होत्या तेव्हा आपा म्हणाली, "हमारे टाइम को ये था क्या रे?" मी काही बोललो नाही. याच स्पर्धेत आपल्या मुली भुवनेश्वरला तिन्ही सामने हरल्या होत्या, अमेरिकेकडून तर आठ गोलांनी. नातीनं ते सामने टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिले होते.

ती नात आता खेळते. तिच्या शाळेच्या फॉर्मात मुलींच्या बाजूला फुटबॉल छापलेला आहे. मागच्या हिवाळ्यात तिचा सामना पाहायला आपा घरून पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन गेली. मुली हरल्या. परत येताना आपाची तक्रार निकालाबद्दल नव्हती. सकाळची वेळ मुलांच्या सामन्याला दिली आणि मुलींना दुपारी एक वाजता उन्हात उतरवलं, हे तिला पटलं नव्हतं. तसं ती संयोजकांना सांगूनही आली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)