रात्रीची मुंबई

सांगलीचे मामा म्हणाले, "यंदा रात्रीची मुंबई दाखव." आम्ही पडलो गिरगावकर, रात्री दहानंतरची मुंबई आम्ही फक्त घोरण्यातून ऐकलेली. तरी इभ्रतीचा प्रश्न! नेलं त्यांना ग्रँट रोडला.

"हे पिला हाऊस."

"पिवळं काय आहे त्यात?"

पिवळं काही नाही. 'प्ले हाऊस'चं मुंबईकरांनी केलेलं हे बारसं. नाना शंकरशेटांच्या पुढाकाराने १८४६ साली ग्रँट रोडला नाटकगृह झालं, ते मुख्यतः साहेबांच्या करमणुकीसाठी. पण कोटातून एवढ्या लांब बग्गी हाकायचा साहेबाला कंटाळा. मग आपल्या लोकांनी रंगमंच धरला. १८५३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथं मराठी नाटक केलं.

मामा थबकले. "म्हणजे आमचे सांगलीचे भावे?"

"तेच."

"अरे, मग मुंबईला जागायला आम्ही शिकवलं! आणि तू मला दाखवतोस?"

ते नाटकगृह आता नाही. मामांनी समोरच्या बंद शटरांनाच हात जोडले. वस्ती तर अशी, की मामींना सांगायची सोय नाही. ओळखीचं कुणी नाही ना, हे मी दोनदा पाहिलं. मग मीही जोडले.