मौनाची छायाचित्रे

छायाचित्र मुळातच मुके असते. वक्त्याचे असो वा मौनव्रत्याचे, कागदावर दोघेही सारखेच गप्प. मग ज्या माणसाने त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ मौन पाळले, त्याची कथा छायाचित्रांतून कशी उलगडावी? मेहेरबाबांच्या चित्रमालिकेकडे पाहताना आम्हांला हा प्रश्न पडतो.

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म १८९४ साली पुण्यातील इराणी जरथुस्त्री कुटुंबात झाला. १९२३ मध्ये ते नगरजवळच्या अरणगावच्या माळावर आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्कराची छावणी होती. त्याच जागेवर मेहेराबाद उभे राहिले आणि तेथेच १० जुलै १९२५ रोजी मौनाला आरंभ झाला. १९२७ च्या प्रारंभी त्यांनी लिहिणेही थांबविले. त्यानंतर हातात आली ती इंग्रजी अक्षरे व अंक लिहिलेली पाटी. बोट अक्षरांवरून फिरे आणि शेजारचा मनुष्य शब्द जुळवून मोठ्याने वाची. १९५५ साली प्रसिद्ध झालेला ‘गॉड स्पीक्स’ हा ग्रंथ बोटाच्या याच खुणांतून आकाराला आला.

७ ऑक्टोबर १९५४ रोजी पाटीही सुटली. मग उरल्या फक्त हातांच्या खुणा आणि त्यांचा अर्थ लावणारे एरच जेस्सावाला यांच्यासारखे सहचर. त्यापूर्वी १९५२ मध्ये अमेरिकेत आणि पुढे १९५६ मध्ये साताऱ्याजवळ त्यांना मोटार-अपघात झाले. दुसऱ्या अपघाताने चालणेही कष्टाचे झाले. मालिकेत पाटी येते, जाते. पुढे चालही बदलते. सुट्या चित्रात न दिसणारे मौन या क्रमातून दिसू लागते.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही पाटी म्हणूनच मोलाची वाटते. ती हातात असेल, तर चित्र १९२७ ते १९५४ या दरम्यानचे, एवढे तरी सांगता येते. उलट निष्कर्ष मात्र काढता येत नाही. पाटी दिसत नाही म्हणजे ती नव्हतीच असे नव्हे. ती चौकटीबाहेर पडलेली असू शकेल.

पिंगुळीच्या चित्रकथीत चित्रांची पोथी क्रमाने लावलेली असते, तरी गाणाऱ्याच्या कंठावाचून ती कथा सांगत नाही. छायाचित्रांच्या बाबतीत हा कंठ म्हणजे खालची ओळ. ती लिहिणाऱ्याच्या हाती सारी कथा असते. मौन सोडण्याचे सूतोवाच मेहेरबाबांनी अनेकदा केले होते. ३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगावजवळच्या मेहेराझाद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते मौन तसेच होते. अनुयायी त्याचा अर्थ आपापल्या श्रद्धेने लावतात. चित्रे त्यावर काहीच बोलत नाहीत, आणि त्यांच्याकडून ते वदवून घेणे हा इतिहास नव्हे. मात्र कोणते चित्र कधीचे, कोठले, शेजारी उभा असलेला कोण, हे सांगू शकणारे बहुतेक सहचर आता हयात नाहीत. या नोंदी राहिल्या नाहीत, तर क्रम मोडेल आणि उरतील ते केवळ पूजेचे तसबिरीतले चेहरे.

आजही १० जुलैला अनेक अनुयायी दिवसभर मौन पाळतात. त्या दिवशी कुणी त्यांचे छायाचित्र घेतले, तर त्यात मौन दिसणार नाही. मागे तारीख लिहिली असेल, तरच पुढच्यांना ते कळेल.