समुद्र ओलांडला, पण पाणी कुणाच्या हातचं?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा या वेळच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

२०२२ मध्ये कंपनीनं मला आठ महिन्यांसाठी म्युनिकला पाठवलं. पहिल्यांदाच परदेशी चाललो होतो. रोह्याच्या घरी बॅग भरणं चालू होतं. आई मेतकूट आणि लोणच्याच्या बाटल्यांना प्लास्टिक गुंडाळत होती, बाबा वजनकाटा घेऊन बसले होते. आजी झोपाळ्यावर होती. तिनं विमानाचं विचारलं नाही, थंडीचं विचारलं नाही. म्हणाली, "तिकडे पाणी कुणाच्या हातचं पिणार रे?"

आम्ही सगळे हसलो. मी म्हटलं, "आजी, नळाचं."

परत आलो तेव्हा तिनं मला उंबऱ्याबाहेर थांबवलं, पायांवर पाणी घातलं आणि गडूतल्या गंगेचे दोन थेंब तळहातावर दिले. तेव्हाही हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. कारण समुद्रबंदीबद्दल मी जे शाळेत ऐकलं होतं ते एवढंच, की "पूर्वी हिंदूंना समुद्र ओलांडायला मनाई होती". आणि हे रोह्यात बसून ऐकायला जरा विचित्र वाटतं. आमची कुंडलिका नदी पुढे रेवदंड्याच्या खाडीत जाते आणि तिथेच चौल आहे. कान्हेरीच्या लेण्यांत ज्यांनी दानं दिली त्यांच्यात या चौलचे, म्हणजे तेव्हाच्या चेमुलचे लोक आहेत. दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला. म्हणजे किमान हजार-दीड हजार वर्षं आमच्या दारातून जहाजं जात-येत होती. मग मनाई कुणाला होती?

तर थोडं ग्रंथांत डोकावू. घाबरू नका, पटकन आटपतो.

बौधायन धर्मसूत्र हे ख्रिस्तपूर्व काळातलं. त्यात एके ठिकाणी समुद्रप्रवास ही उत्तरेकडच्या लोकांची एक रीत म्हणून नोंदवलीय, लोकर विकणं आणि मद्य पिणं यांच्याच यादीत. आणि दुसऱ्या ठिकाणी तोच समुद्रप्रवास पतित करणाऱ्या पापांत येतो. प्रायश्चित्त काय? तीन वर्षं, दर चौथ्या जेवणाच्या वेळेलाच थोडं खायचं, दिवसातून तीनदा स्नान, दिवसा उभं राहायचं आणि रात्री बसून काढायची. कडक आहे, पण तीन वर्षांनी माणूस मोकळा. मनुस्मृतीत समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या जेवणाला बोलवू नका असं आहे. शब्द लक्षात घ्या, जेवणाला.

नंतर मध्ययुगात 'कलिवर्ज्य' नावाची यादी तयार झाली. म्हणजे आधीच्या युगांत चालत होतं पण कलियुगात बंद, अशा गोष्टी. आमच्या भाषेत सांगायचं तर जुनं फंक्शन डेप्रिकेट केलं. त्यात हा नियम जास्त कडक झाला: समुद्र ओलांडणाऱ्या द्विजानं प्रायश्चित्त घेतलं तरी त्याच्याशी व्यवहार ठेवायचा नाही. मूळच्या पैठणच्या घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी काशीत १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' लिहिला. त्यातही ही कलिवर्ज्यं आहेत आणि हा ग्रंथ महाराष्ट्रात घरोघरच्या भटजींनी वापरला. पण नियम 'द्विजा'ला उद्देशून आहे. चौलचे खलाशी, कोळी, आंग्र्यांच्या आरमारावरची माणसं, किंवा १८३४ नंतर मुंबईहून मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गेलेली मराठी मजूर कुटुंबं, यांचा त्यात विचारच नाही. ज्याची पंगतीतली जागा आधीच शेवटची किंवा पंगतीबाहेर, त्याची जागा जाण्याची चिंता ग्रंथ कशाला करेल?

म्हणजे भीती खाऱ्या पाण्याची नव्हतीच. बोटीवर महिनोन् महिने स्वयंपाक कोण करणार, पाणी कोण भरणार, शेजारी कोण बसणार, संध्या कधी होणार, आणि हे सगळं कुणी पाहिलं नाही तर परत आल्यावर विश्वास कसा ठेवणार, ही भीती होती. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे, 'माझा प्रवास' वाले. १८५७ मध्ये उत्तरेत गेले, ऐन बंडात सापडले, झाशी पाहिली, लुटले गेले, कुठे काय खाल्लं-प्यायलं असेल देव जाणे. तरी ते गंगेची कावड घेऊन वरसईला परतले आणि घरात पुण्य आलं. प्रवास लांबचाच, धोक्याचाच. फक्त दिशा बरोबर होती.

आता मला सगळ्यात आवडलेला किस्सा. राघोबादादा पेशवे. १७५८ मध्ये यांच्याच मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. 'अटकेपार झेंडे' आपण सहावीपासून छाती फुगवून म्हणतो. त्याच राघोबादादांनी पुढे पेशवाईच्या भांडणात इंग्रजांकडे दाद मागायला १७८१ च्या सुमारास लंडनला वकील पाठवले. वकील म्हणजे कोर्टातले नव्हेत, राजदूत. हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार नावाचा पारशी. लंडनमध्ये यांचे जेवणाचे हाल व्हायला लागले. तेव्हा एडमंड बर्क या पार्लमेंटच्या सभासदानं त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर दिलं, इथे तुम्ही तुमच्या रीतीनं शिजवा-जेवा म्हणून. कल्पना करा, इंग्लंडमधल्या काचघरात सोवळ्यातला स्वयंपाक!

परतल्यावर मात्र गाडी अडली. फ्रान्सिस विल्फर्ड या अधिकाऱ्यानं 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये हे लिहून ठेवलंय. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दूत समुद्रमार्गे सुएझला गेले आणि इराणमार्गे, म्हणजे सिंधू ओलांडून परत आले. त्यांना जातीबाहेर मानलं गेलं. मग तोडगा निघाला: पुनर्जन्म. सोन्याची योनी घडवायची आणि त्यातून माणसाला ओढून बाहेर काढायचं. राघोबांनी ती योग्य मापाची करून घेतली, दूत त्यातून नव्यानं जन्मले, पुन्हा संस्कार झाले, ब्राह्मणांना भरपूर दानं दिली आणि मंडळी पंगतीत परत.

म्हणजे फौज घेऊन अटकेला गेलं तर झेंडा, आणि कागद घेऊन सिंधू ओलांडली तर सोन्याचा खर्च. कलिवर्ज्य सांगतं प्रायश्चित्तानंतरही प्रवेश नाही, आणि व्यवहारात प्रवेश होता. बिल भरायची ऐपत हवी, इतकंच.

शंभर वर्षांनी आनंदीबाई जोशी. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात, काही काळ अलिबागला बदलीवर होते, आनंदीबाईंचं शिक्षणही तिथे चालू होतं. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरला भरसभेत या सतरा वर्षांच्या मुलीनं सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. एप्रिलमध्ये बोट धरली. अमेरिकेत साडी, शाकाहार, सगळं सांभाळलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

आणि हे गोपाळराव पुढे काय करतात? ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा होते. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटं येतात. सभेला न्यायमूर्ती रानडे आहेत, टिळक आहेत. चहा दिल्या गेलेल्यांची यादी गोपाळराव 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणतात! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी काशीत घेतलेलं प्रायश्चित्त दाखवलं, रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि आपल्याच सुधारक मित्रांची नाराजी ओढवून घेतली. माझा मुद्दा यात सापडतो. मध्ये एक थेंबही समुद्र नाही. पुण्यातल्या पुण्यात, एक कप चहा. तरी तीच चौकशी, तेच प्रायश्चित्त. कारण प्रश्न तोच, आजीचा: कुणाच्या हातचं?

विसाव्या शतकात उच्चवर्णीयांसाठी हे हळूहळू विरघळलं. रोह्याचे म्हणून आपण ज्यांचा अभिमान बाळगतो ते चिंतामणराव देशमुख १९१५ मध्ये केंब्रिजला गेले, आय.सी.एस. होऊन आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. समुद्र ओलांडणं आता बायोडेटात लिहायची गोष्ट होती.

सगळ्यांसाठी नाही.

१९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले, तिथून लंडनला. १९१७ मध्ये परतून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर शिपाई लांबून फायली टाकायचे आणि ऑफिसात प्यायला पाणी मिळायचं नाही. हणमंतरावासाठी सोन्याचं का होईना, पण परतीचं दार होतं. यांच्यासाठी ग्रंथात प्रायश्चित्तच नव्हतं, कारण यांचा 'दोष' प्रवासाचा नव्हताच, जन्माचा ठरवलेला होता.

आणि मग आमचाच जिल्हा, तेव्हाचा कुलाबा. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये बोले यांचा ठराव झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर सनातन्यांनी काय केलं? तळं 'शुद्ध' केलं. शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरी पाणी काढलं. समुद्रावरून परतलेल्या माणसाला पंचगव्य पाजायचे, इथे तळ्याला पाजलं.

मी लहानपणापासून कित्येकदा महाडवरून गेलोय, बसमधून तळं पाहिलंय. आजीच्या प्रश्नाशी मात्र ते कधी जोडलं नव्हतं.

आमच्या मागच्या पडवीत एक कोनाडा आहे. त्यात एक स्टीलचा पेला वेगळा असायचा, भातकापणीला येणाऱ्या कातकरी मंडळींसाठी. घरातल्या कुणी तो वापरायचा नाही, हे कधी कुणी सांगितलं नाही, तरी मला माहीत होतं. शेती आता दुसऱ्याला दिलीय, कापणीला आमच्याकडे कुणी येत नाही. गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा पेला तिथेच होता. मी तो धुतला, पाणी प्यायलो आणि स्वयंपाकघरात फळीवर बाकीच्या पेल्यांत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत कोनाड्यात होता. आजीनं ठेवला की आईनं, मी विचारलं नाही. या वेळी गेलो की विचारणार आहे.